डिझाइन थिंकिंग घ्यायचं ठीक, पण ५० गुण द्यायचे कशावर?

रानवाटा
राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या नव्या रचनेत दुसऱ्या वर्षाला फील्ड प्रोजेक्ट आला आहे. यंदा तो डिझाइन थिंकिंगच्या (माणसाची अडचण जवळून पाहून, नमुना करून, तपासून उपाय शोधायच्या पद्धतीच्या) अंगाने घ्यायचं विभागात ठरलंय. तालुक्याच्या गावचं कला-विज्ञान महाविद्यालय, वर्गात ६४ जण, बहुतेक आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणारे. २ क्रेडिट म्हणजे प्रात्यक्षिकाच्या हिशेबाने ६० तास. आठवड्याला ४ तास धरले तर १५ आठवडे. गुण ५०, सगळे अंतर्गत.

कार्यशाळांमध्ये जे शिकवतात ते दोन दिवसांचं असतं. रंगीत चिठ्ठ्या, गटचर्चा, शेवटी थर्माकोलचं मॉडेल, टाळ्या. त्यावर गुण द्यायला बसलं की ज्याचं मॉडेल देखणं आणि ज्याला बोलता येतं तो वर, आणि जिने चार बायांना नीट विचारून माहिती आणली ती खाली. म्हणून दोन प्रश्न. १५ आठवडे मुलं टिकून राहतील असे विषय कसे निवडावेत? आणि गुण नक्की कशाला द्यावेत, गटातून एकेकाचे कसे काढावेत? जाणकारांनी तपशिलात लिहा. ‘खूप छान उपक्रम’ नको.

तर्री_जास्त
खूप छान उपक्रम.

चौकट
आधी विषयांबद्दल, गुणांचं नंतर कोणीतरी लिहीलच.

स्टॅनफर्डच्या डी-स्कूलने रूढ केलेले पाच टप्पे (समजून घेणे, प्रश्न मांडणे, कल्पना काढणे, नमुना करणे, चाचणी घेणे) सगळ्यांना पाठ असतात. घोटाळा होतो तो त्यांचे अभ्यासक्रमातले युनिट एक ते पाच करून टाकल्यामुळे. मग ‘समजून घेणे’ ऑगस्टमध्ये संपतं आणि चाचणी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात येते. चाचणीत सगळं उलटंपालटं झालं तरी मागे जायला वेळच नसतो. १५ आठवड्यांत निदान दोन फेऱ्या व्हायला हव्यात. पहिली कच्ची फेरी पाचव्या आठवड्यात संपवा, वाईट झाली तरी चालेल. दुसरी खरी.

विषय निवडताना बहुतेक गट ‘पाणीटंचाई’, ‘बेरोजगारी’, ‘व्यसनमुक्ती’ असे विषय आणतात. रिटेल आणि वेबर यांनी १९७३ मध्ये ज्या प्रकारच्या प्रश्नांना ‘विकेड प्रॉब्लेम’ म्हटलं (एकात एक गुंतलेले, एकच ठरलेलं उत्तर नसलेले), त्यातले हे. ६० तासांत त्यांचा केसही वाकडा होत नाही, मग मुलं शेवटी पोस्टर काढून मोकळी होतात. चाळणी लावायची ती अशी: ज्याला अडचण आहे तो माणूस चालत जाऊन भेटण्याच्या अंतरावर हवा. ती गोष्ट आठवड्यातून निदान एकदा घडणारी हवी, म्हणजे पुन्हा पुन्हा पाहता येते. आणि पहिला नमुना १०० ते २०० रुपयांत उभा राहिला पाहिजे. खारपाणपट्ट्यात ‘विहिरीचं पाणी गोडं करणारं यंत्र’ हा विषय आला तर बाजूला ठेवा. त्याच घरात प्यायचं आणि वापरायचं पाणी वेगळं ठेवताना कुठे सरमिसळ होते, हा चालेल.

कोरडवाहू
माझा मूळ मुद्द्यालाच विरोध आहे. गावातल्या कामातून शिकायचं हे आपल्याला स्टॅनफर्डने सांगायची गरज नव्हती. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तिथून गांधीजींची नई तालीम निघाली, सेवाग्रामात ती चालली. त्यात हाताचं काम आणि अभ्यास वेगळे नव्हतेच.

दुसरं जास्त महत्त्वाचं. इकडच्या शेतकऱ्याचा मोठा प्रश्न भाव, कर्ज आणि पाऊस. त्यावर मुलांनी कापूस वेचायची पिशवी ‘डिझाइन’ करायची? धोरणाचा प्रश्न हळूच वस्तूचा होऊन बसतो. वर आपण त्याला नवोपक्रम म्हणून फाइलमध्ये लावायचं, नॅकला, म्हणजे महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या संस्थेला, दाखवायचं.

पऱ्हाटी
कोरडवाहू भाऊ, भावाचं खरं आहे. पन वेचणाऱ्या बाईची मान दुखते थे बी खरंच आहे ना. भाव मिळाला तरी मान दुखतेच.

राजेहो, विषय कोनताबी घ्या, आंधी पिकाचं कॅलेंडर पाहा. पह्यलं सत्र जुलै ते नोव्हेंबर. सोयाबीनची सोंगणी सप्टेंबरच्या शेवटाले लागते, कापसाची वेचणी ऑक्टोबरपासून. म्हंजे ‘वेचणी’ विषय घेतला त जुलै-ऑगस्टमंदी पाहाले काहीच नाही, आन् पाहाची वेळ आली का पोट्टे परीक्षेच्या फॉर्मात. तोच विषय दुसऱ्या सत्रात घ्यान त डिसेंबर-जानेवारीत शेवटच्या वेचण्या भेटतात, थ्या पह्यल्याच आठवड्यात जाऊन पाहाव्या लागतात. पह्यल्या सत्राले डवरणी (कोळपणी), निंदण, फवारणी हे जमते. तुरीचं सोंगणं-काढणं दुसऱ्या सत्राले.

आन् ऑक्टोबरात वर्ग अर्धा रिकामा रायते, पोट्टे वावरात असतात. त्याची गैरहजेरी लावू नका, थेच निरीक्षण लावा.

रानवाटा
पऱ्हाटी, कॅलेंडरची गोष्ट नेमकी आहे, आम्ही विषय जुलैतच ठरवणार होतो. पण मजुरीला जाणाऱ्या मुलाची वही आणि नुसता पाहायला गेलेल्याची वही एकाच मापाने कशी तपासायची?

झाडीपट्टी
एकाच मापाने तपासा, पण माप ‘किती पाहिलं’ याचं ठेवू नका. जो स्वतः काम करतो त्याला पुष्कळ गोष्टी दिसतच नाहीत, सवयीच्या असतात. त्याला सांगायचं की शेजारी काम करणाऱ्या माणसाच्या अर्ध्या तासाच्या हालचाली लिही, स्वतःच्या नकोत. बाहेरून गेलेल्याला उलटं. त्याने अर्धा तास ते काम हाताने करून पाहावं आणि मग लिहावं.

आमच्या भंडारा-गोंदियाकडे जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी, तो काळ पाहायला उत्तम. दुसऱ्या सत्रात मोहफुलं. मार्च-एप्रिलला फुलं पडतात, ती वेचताना दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि कधी ती आग जंगलात पसरते. उपाय सगळ्यांना वरवर माहीत असतो, जाळी बांधा. इथेच मुलांना अडवायचं. जुन्या साड्या जोडून एका झाडाखाली बांधल्या की पहिल्याच दिवशी कळतं की वाऱ्याने पाला भरतो, मधे झोळ पडून फुलं एका जागी दाटतात आणि ओली राहतात, गुरं खालून शिरतात. मग झोळ किती ठेवायचा, चारही कोपरे सारख्या उंचीला बांधायचे की एक बाजू उतरती ठेवायची, हे प्रश्न येतात. नमुना म्हणतात तो यासाठी. मॉडेलच्या टेबलावर यातलं काहीच कळत नाही.

गडचिरोलीत माडिया-गोंडी, मेळघाटात कोरकू. वर्गात ती भाषा येणारा एक-दोनच जण असतात आणि गट त्यांना दुभाषी म्हणून राबवतो. ते काम मोजलं गेलं पाहिजे. माणसाचं वाक्य आधी त्याच्या भाषेत देवनागरीत लिहायचं, खाली मराठीत.

चौकट
कोरडवाहू यांच्या आक्षेपाला टाळू नये. ‘प्रश्न मांडणे’ या टप्प्यात एक ओळ सक्तीची करा: हा प्रश्न कोणाच्या हातात आहे? घरातल्या, ग्रामपंचायतीच्या, बाजार समितीच्या, सरकारच्या? एखादा गट पुराव्यासकट म्हणाला की हे वस्तू करून सुटणारं नाही, अमुक कार्यालयाच्या नियमामुळे अडतंय, तर त्याला या टप्प्याचे पूर्ण गुण मिळाले पाहिजेत. नाहीतर मुलं गुणांसाठी यंत्र शोधत बसतात.

वहीपेन
लांब कशाला जाता? कॉलेजातली शिष्यवृत्तीची खिडकी घ्या. चालत जाण्याच्या अंतरावर, हंगामाची अट नाही, आणि सगळ्यांच्या जिव्हाळ्याची. महाडीबीटीचा (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचा) अर्ज भरताना विद्यार्थी कुठे कुठे परत फिरतो ते कागदावर काढायचं: उत्पन्नाचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, मागची गुणपत्रिका, शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रमाणपत्र, आधार. एक घोळ हमखास सापडतो. मुलगा अर्जात एक खातं सांगतो, पैसे आधार ज्या खात्याशी शेवटी जोडलं गेलं त्यात जातात. ते खातं आईने दुसऱ्याच कामासाठी उघडलेलं असतं. विद्यार्थी खिडकीवर येऊन भांडतो, बाबू म्हणतो इकडून गेले. दोघंही खरं बोलत असतात.

नमुना काय? एका पानाचा तक्ता, ‘खिडकीवर येण्याआधी हे पाच बघा’. पाच जणांच्या हातात द्यायचा, काही समजावून सांगायचं नाही, ते कुठे अडखळतात ते शेजारी उभं राहून लिहायचं. ‘आधार संलग्न’ या शब्दांवर बहुतेक थांबतात. ‘बँकेत जाऊन विचारा, माझं आधार कोणत्या खात्याला जोडलंय’ असं लिहिलं की पुढे सरकतात. खर्च झेरॉक्सचा.

तर्री_जास्त
यात धोका एवढाच की बाबू पण हा धागा वाचत असतील आणि पुढच्या महिन्यात सगळ्या प्राध्यापकांचे टीए बिल ‘चाचणीसाठी’ थांबवतील.

खारपाण
फवारणी हा विषय कोणी घेणार असेल तर सुरक्षेचं आधी. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, त्यानंतर हा विषय प्रत्येक स्पर्धेत येतो. विद्यार्थ्याला खऱ्या औषधाजवळ जाऊ द्यायचं नाही. ढवळताना नाही, फवारताना नाही, रिकामी बाटली उचलायलाही नाही.

अंगावर थेंब कुठे पडतात ते पाहायचं तर साध्या पाण्यात नीळ टाका आणि फवारणाऱ्याला जुना पांढरा सदरा आणि पायजमा घाला. पंप कधीच औषध न भरलेला हवा. ‘धुतलाय’ म्हणणारा पंप घेऊ नका, नळीत आणि गाळणीत राहतंच. एकदा गुडघ्याएवढ्या पिकात, एकदा छातीएवढ्यात. एकदा वाऱ्याकडे तोंड करून, एकदा पाठ. दर वेळी सदरा बदला, वाळवा आणि त्यावर चौकोन आखून निळे डाग मोजा. डाग मांड्यांवर जास्त की छातीवर, हे पिकाच्या उंचीप्रमाणे बदलतं. मग ‘पूर्ण किट’ ऐवजी कुठला भाग आधी झाकायचा यावर बोलता येतं. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमटपणात पूर्ण किट अंगावर का टिकत नाही हे कळायला ते किट घालून, रिकाम्या हाताने, दहा मिनिटं वावरात चालणं पुरे.

आणि एक. धोका फक्त फवारताना नसतो, बाटली उघडताना आणि औषध ढवळताना ते सर्वांत तीव्र असतं. तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकणं हा वेगळाच प्रकार. मुलांनी हे प्रत्यक्ष पाहायला जाऊ नये, काम नसताना फवारणाऱ्याला पाणी भरलेल्या बाटलीवर करून दाखवायला सांगावं. ती बाटलीही औषधाची नको, प्यायच्या पाण्याची. हात आपोआप नेहमीसारखे चालतात.

सातपुडी
मुलाखतीबद्दल कोणी लिहिलं नाही. ‘तुमच्या समस्या काय?’ असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: रस्ता, पाणी, लाइट. तो प्रश्नच नको. ‘काल सकाळी उठल्यापासून सांगा’ इथून सुरू करा आणि मधे मधे ‘मग?’ एवढंच म्हणा. ‘असं यंत्र दिलं तर वापराल का?’ हाही नको. पाहुण्याला नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही, सगळे हो म्हणतात आणि मुलं ‘१०० टक्के प्रतिसाद सकारात्मक’ लिहून आणतात.

सरपंचाच्या ओसरीवर बसलं की बायांची उत्तरं पुरुष देतात. जोडीने जा, जोडीत एक मुलगी हवी, आणि जागा गिरणी, हापसा, अंगणवाडीचं दार अशी. सगळे गट एकाच वस्तीत जाणार नाहीत हेही शिक्षकाने पाहायचं. गाव म्हणजे फक्त वेशीजवळची घरं नव्हेत. फोटो विचारून काढा, चेहरा न येता हातांचा काढला तरी काम भागतं. मुलींची शेवटची एसटी किती वाजता हे विचारल्याशिवाय तर भेटीची वेळ ठरवूच नका.

गुणपत्रक
आता मूळ प्रश्नाकडे. गुण शेवटच्या वस्तूला द्यायचे नाहीत, वाटेत तयार झालेल्या कागदांना द्यायचे. ५० ची विभागणी सुचवतो:

निरीक्षण वही, वैयक्तिक, १५
प्रश्नविधान, पहिलं आणि बदललेलं दोन्ही, गटाचं, ८
नमुने आणि त्यांत केलेले बदल, गटाचे, ७
चाचणीची नोंद, गटाची, ५
तोंडी, वैयक्तिक, १०
अर्ध्या तासाचा लेखी प्रश्न, वैयक्तिक, ५

म्हणजे ३० वैयक्तिक, २० गटाचे. सादरीकरणाला शून्य. ते जरूर करा, गावातल्या लोकांना बोलावून करा, पण गुण नकोत.

प्रत्येक ओळीला चार पायऱ्यांचं वर्णन लिहून पहिल्याच आठवड्यात भिंतीवर लावा. नुसतं ‘उत्तम, चांगले, बरे’ लिहिलं तर उपयोग नाही, प्रत्येक पायरीचा नमुना द्या. खारपाण यांचाच विषय घेऊन प्रश्नविधानाच्या पायऱ्या अशा होतील. पहिली: ‘शेतकऱ्यांना फवारणीचा त्रास होतो.’ दुसरी: ‘मजुरीने फवारणी करणारे हातमोजे वापरत नाहीत.’ तिसरी: ‘मजुरीने फवारणी करणारा औषध ढवळताना हातमोजे काढतो.’ चौथी: ‘मजुरीने एकटाच फवारणी करणारा औषध ढवळताना हातमोजे काढतो, कारण मोज्यातून बाटलीच्या झाकणाखालचं सील निघत नाही.’ कोण, कधी, काय करतो, आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर ते शहाणपणाचं का आहे. चौथीत ‘कारण’ आल्याबरोबर पुढे काय करून पाहायचं ते आपोआप दिसतं.

गटाच्या २० मधून एकेकाचे काढायला सहकारी-मूल्यांकन. पाच जणांच्या गटात प्रत्येकाने स्वतःला सोडून बाकी चौघांत १०० गुण वाटायचे. सरासरी २५ येते. एखाद्याला चौघांकडून सरासरी २० मिळाले तर त्याचा गुणक २० भागिले २५, म्हणजे ०.८. गटाला २० पैकी १६ असतील तर त्याला १२.८. कोणाला सरासरी ३० मिळाले तर गुणक १.२ होईल, पण वरची मर्यादा १.१ ठेवा, म्हणजे १७.६. खालची ०.७. मर्यादा नसेल तर भांडणं गुणांतून वाजवली जातात.

पऱ्हाटी
सर, मर्यादा ठेवा का नका ठेवू, पोट्टे सगळ्यायले २५-२५ च देतात. दोस्तीचा मामला आहे बाप्पा.

गुणपत्रक
देतात, म्हणून आकड्यासोबत एक ओळ मागायची: ‘याने केलेलं एक काम, आणि ते वहीच्या कोणत्या पानावर दिसतं’. पान दाखवता आलं नाही तर तो आकडा धरायचा नाही. आणि हे सातव्या आठवड्यात एकदा विनागुण करून घ्या. जो मागे पडलाय त्याला सुधारायला वेळ राहतो, आणि शेवटी आकडे जरा खरे येतात. तरीही सगळे २५ आले तर गुणक १ धरा. तोंडीत फरक निघतोच.

चौकट
विभागणीवर एक आक्षेप. चाचणीला ५ आणि नमुन्याला ७ हे उलटं करा. नमुन्याला जास्त गुण दिले की मुलं सुताराकडून करून आणतात. चाचणीची नोंद विकत मिळत नाही.

आणि चाचणी म्हणजे काय हे आधी ठरलेलं हवं. ‘काय दिसलं तर आपलं चुकलं असं म्हणू’ ही ओळ वावरात जाण्याआधी तारखेसह वहीत हवी. कोरडवाहूंनी चिडवलेली कापसाची पिशवीच घेऊ. कमरेच्या झोळीचं ओझं खांद्यावर न्यायचं म्हणून गट पट्टा लावतो. पहिला पट्टा बहुधा गोणपाटाच्या सुतळीचा, एक-दीड इंची, तो खांद्यात रुततो. जुन्या साडीची चौपदरी घडी घालून तीन इंची केला की रुतत नाही, पण घामाने गोळा होतो, म्हणून मधून दोन उभ्या शिवणी लागतात. पिशवी मोठी केली तर रिकामी करायच्या फेऱ्या कमी होतात. पण भरल्यावर ती खाली लोंबून पऱ्हाटीला (कापसाच्या झाडाला) घासते, वाळक्या पानांचा कचरा कापसात येतो आणि व्यापारी भाव पाडतो. यातलं प्रत्येक वाक्य हा एक नोंदलेला बदल. सात-आठ ओळींचा तक्ता: काय बदललं, का, काय दिसलं.

मोजायचं ते साधं ठेवा: अर्ध्या तासात पिशवी किती वेळा रिकामी केली, किती वजन भरलं, त्यात कचरा किती. तराजू दुकानातून तासभर आणा.

पऱ्हाटी
हाव, पन वेचणी किलोवर असते. तुमच्या पिशवीनं बाईचा अर्धा तास वाया गेला त तिची मजुरी गेली. चाचणीआंधी ठरवा, नेहमीपेक्षा कमी भरलं त फरकाचे पैसे गट देईन. नाईतं पोट्ट्यानं आपल्या मायच्याच वावरात चाचणी करा.

कोरडवाहू
पऱ्हाटी यांची अट रुब्रिकमध्ये (गुणांच्या पायऱ्यांच्या तक्त्यात) टाका, मग माझा अर्धा विरोध मागे. ज्याच्यावर चाचणी, त्याचं नुकसान कोण भरणार, हे लिहिल्याशिवाय चाचणीला परवानगी नाही.

विषय निघालाच आहे तर अटी कशा लिहायच्या याचं इथलंच उदाहरण मुलांना दाखवा. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी बघा: हलका असावा, झोपडीत हाताने किंवा पायाने चालावा, बाईला फार श्रम न पडता सलग ८ तास चालवता यावा, किंमत १५० रुपयांपर्यंत, २० वर्षं टिकावा. वापरणारी कोण, कुठे, किती वेळ, किती पैशांत, सगळं पाच ओळींत. वर्ध्याच्या जवळ असाल तर मगन संग्रहालयात मुलांना न्या. १९३८ मध्ये ग्रामोद्योगांसाठी ते उघडलं.

(स्टॅनफर्डबद्दलचं मत तेच आहे.)

झाडीपट्टी
सामानाचा एक बारीक मुद्दा. चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या मागवू नका. चुन्याच्या भिंतीवर त्या चिकटत नाहीत, भुकटी धरते, आणि पंखा लावला की विचारमंथन जमिनीवर. भिंतीला आडवी सुतळी बांधा, कपड्यांचे चिमटे आणि जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं आठ तुकडे करून. मोठ्या नकाशाला जुन्या फ्लेक्सची उलटी बाजू.

तर्री_जास्त
फ्लेक्सचा तुटवडा नाही. भाऊंचे वाढदिवस वर्षभर चालू असतात. फक्त गटाने सादरीकरण करताना फ्लेक्स उलटा धरू नये, नाहीतर ‘चाचणीची नोंद’ म्हणून हात जोडलेले भाऊच दिसतील.

रानवाटा
फार कामाचं मिळतंय. तीन शंका उरल्या. ६४ वह्या दोन शिक्षकांनी वाचायच्या कधी? वह्या एआयने लिहून आणल्या तर? आणि गुणपत्रक, तो अर्ध्या तासाचा लेखी प्रश्न कसा असतो? विद्यापीठाच्या धर्तीवर ‘पाच टप्पे सांगून तिसरा सविस्तर लिहा’ असा मला नको आहे.

गुणपत्रक
वह्या पूर्ण वाचायच्याच नाहीत. दोन पानं: एक विद्यार्थी स्वतः निवडेल, एक तुम्ही उघडाल ते. वहीला ३ मिनिटं धरली तर ६४ च्या १९२ मिनिटं, दोघांत वाटून प्रत्येकी दीड तासाच्या आसपास. त्याआधी एकाच पाच वह्या दोघांनी वेगवेगळ्या तपासा आणि गुण समोरासमोर ठेवा. १५ पैकी दोनपेक्षा जास्त फरक आला तर भांडण वहीचं नसतं, पायरीच्या वर्णनाचं असतं. ते दुरुस्त करून पुढे जा.

एआयचं म्हणाल तर वही हाताने लिहिलेली, जागेवर, वेळ टाकलेली असावी. खाडाखोड हवीच, खाडाखोड नसलेल्या वहीवर संशय घ्या. तोंडी परीक्षेत तीच वही उघडून विचारा: ‘इथे ११ वाजता तू कुठे उभा होतास, तुझ्या डावीकडे काय होतं?’ प्रत्येकी ४ मिनिटं पुरतात.

लेखी प्रश्नात एक नोंद छापून द्यायची. उदाहरणार्थ:

‘सकाळी ११.१०. पिठाच्या गिरणीवर सात डबे रांगेत, माणसं तीन. गिरणीवाला म्हणतो, लाइट दोनला जाईल. एक आजी डबा ठेवून घरी गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा डबा दोन जागा मागे होता. त्या काही बोलल्या नाहीत. लुगड्याची चिंधी काढून डब्याच्या कडीला बांधली.’

प्रश्न: इथे अडचण कोणाची, एका वाक्यात लिहा (१). नोंदीत नाही पण तुम्ही मनाने धरून चाललात अशी एक गोष्ट लिहा (१). उद्या गिरणीवर जाऊन पहिला प्रश्न कोणाला आणि काय विचाराल (१). ५० रुपयांच्या आत काय करून पाहाल, आणि काय दिसलं तर ते फसलं म्हणाल (२). पुस्तक, वही, काहीही जवळ ठेवू द्या. घोकून येण्यासारखं यात काही नाही.

सातपुडी
दुसऱ्या प्रश्नाला ‘आजी निरक्षर आहेत’ हे उत्तर सर्वाधिक येईल बघा. नोंदीत कुठेही नाही.

वहीपेन
आणि चौथ्याला ‘टोकन मशीन बसवू’. ५० रुपयांत.

रानवाटा
मग असं ठरवतो: वही १५, प्रश्नविधान ८, नमुने ५, चाचणी ७, तोंडी १०, लेखी ५. बारा गट पाचांचे, एक चौघांचा. पहिल्या सत्रात डवरणी, निंदण, शिष्यवृत्तीची खिडकी, गिरणी आणि निळीच्या पाण्याची फवारणी एवढेच विषय खुले. वेचणी दुसऱ्या सत्राला. भरपाईची अट चाचणीच्या अर्जावर पहिल्या ओळीत.

चौघांच्या गटाचा गुणक कसा काढायचा? आणि एखाद्या गटाची दुसरी चाचणी पावसाने हुकली तर ७ गुणांचं काय?

गुणपत्रक
चौघांत प्रत्येक जण तिघांना १०० वाटेल, सरासरी ३३.३ येईल, भागायचं त्याने. बाकी तेच.

चाचणी हुकली तर पहिल्या फेरीची नोंद धरा, ७ पैकीच तपासा. त्यात ‘काय दिसलं तर चुकलं म्हणू’ ही ओळ आधीच्या तारखेची असेल तर गुण अडवायचं कारण नाही. नसेल तर कोरड्या दिवशी केली असती तरी मिळाले नसते.

पऱ्हाटी
पावसानं हुकली म्हंजे त्या दिवशी निंदणवाल्या बायाबी घरीच असतीन. ताडपत्री, मेणकापड, खोळ काय घेतात थे जाऊन पाहा म्हना.